उत्पादन शुल्क आणि व्हॅट: इंदूरच्या पंपावर नेमकं काय महाग आहे?

पेट्रोल स्वस्त हवं की महाग, हा वाद इंदूरच्या मराठी घरांत जेवणाच्या ताटावरही रंगतो. बडोद्याला बहीण दिलेली असली की आणखीच रंगतो, कारण तिथला भाव ऐकून इथल्यांचा जीव जळतो. पण वादात ‘सरकारचा कर’ म्हणून जे एकच गाठोडं बांधलं जातं, त्यात दोन वेगळे कर आहेत. एक केंद्राचं उत्पादन शुल्क, दुसरा राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा मूल्यवर्धित कर. दोघांची चाल इतकी वेगळी आहे की ‘कर कमी करा’ असं म्हणताना कुठला, हे सांगितलं नाही तर त्या मागणीला अर्थ राहत नाही.

उत्पादन शुल्क लिटरवर लागतं, भावावर नाही. एप्रिल 2025 मधल्या दोन रुपयांच्या वाढीनंतर ते पेट्रोलवर लिटरला 21.90 रुपये आणि डिझेलवर 17.80 रुपये झालं. कच्चं तेल महाग होवो की स्वस्त, सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा आकडा हलत नाही. आणि तो देशभर सारखा: इंदूरला तेवढाच, गुजरातेतल्या दाहोदला तेवढाच.

व्हॅट मुख्यतः टक्केवारीत असतो आणि प्रत्येक राज्याचा वेगळा. मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2021 च्या कपातीनंतर पेट्रोलवर 29 टक्के, वर लिटरला अडीच रुपये, शिवाय 1 टक्का सेस, म्हणजे उपकर, असा हिशेब बसला. त्याआधी तो 33 टक्के आणि साडेचार रुपये होता. गुजरातेत 13.7 टक्के व्हॅट, आणि भाव व व्हॅट यांच्या बेरजेवर 4 टक्के सेस.

आता एक लिटर मांडून पाहू. कर लागण्याआधीचा भाव, वाहतुकीच्या भाड्यासकट, समजा 55 रुपये. त्यात शुल्क 21.90 मिळवलं की 76.90. इंदूरला यावर 29 टक्के म्हणजे 22.30, अधिक अडीच रुपये, अधिक सेसचे 77 पैसे: राज्याचे झाले 25.57. पंपवाल्याचं कमिशन 4.40 धरलं तर 106.87. हेच 76.90 बडोद्याला नेले तर राज्याचा वाटा 14.03 आणि पंपावरचा भाव 95.33. साडेअकरा रुपयांचा फरक पडला आणि त्यात केंद्राचा एक पैसाही नाही. झाबुआ-पिटोलमार्गे गुजरातेत जाणारा माणूस पेट्रोल गाडीची टाकी अर्धी ठेवून निघतो आणि दाहोदला भरतो, ते या एका कारणासाठी.

या हिशेबात सहसा नजरेतून सुटते ती गोष्ट म्हणजे करावर कर. व्हॅट 76.90 वर लागला, 55 वर नाही. म्हणजे 21.90 च्या शुल्कावरही राज्याने 30 टक्के, साधारण 6.57 रुपये घेतले. त्यामुळे केंद्राने शुल्क एक रुपयाने उतरवलं आणि कंपन्यांनी तो पूर्ण पुढे दिला, तर इंदूरला भाव 1.30 ने उतरायला हवा. राज्याचं उत्पन्न मात्र तीस पैशांनी घटतं, त्याला न विचारता. उलटही होतं: मूळ भाव दहा रुपयांनी चढला तर राज्याला काहीही न करता तीन रुपये जास्त मिळतात आणि केंद्राला शून्य. ‘भाववाढीत केंद्र मालामाल होतं’ हे वाक्य म्हणून नेमकं उलटं आहे. केंद्र कमावतं ते तेल पडतं तेव्हा. मे 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना पेट्रोलवरचं शुल्क दहा आणि डिझेलवरचं तेरा रुपयांनी वाढवलं गेलं. पेट्रोलवर ते 32.98 वर पोचलं. पंपावरचा आकडा मात्र त्या रात्री हलला नाही, कारण पडलेल्या तेलाची जागा कराने भरली. पुढे नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 अशा दोन टप्प्यांत शुल्क 19.90 वर आलं.

मग ‘केंद्राच्या करातून राज्यालाही वाटा मिळतोच की’? मिळतो, पण किती ते पाहा. 21.90 पैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त 1.40 आहे. बाकीचं विशेष अतिरिक्त शुल्क, कृषी सेस आणि रस्ते सेस, म्हणजे अधिभार आणि उपकर, आणि ते राज्यांत वाटले जात नाहीत. वाटल्या जाणाऱ्या करांत राज्यांचा हिस्सा 41 टक्के. 1.40 च्या 41 टक्के म्हणजे 57 पैसे सगळ्या राज्यांचे मिळून. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी मध्य प्रदेशाला ठरवून दिलेला 7.85 टक्के वाटा त्यातून काढला, तर साडेचार पैसे उरतात. भोपाळ व्हॅट का सोडत नाही याचं उत्तर इथे आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे मोठे कर फार उरलेले नाहीत. पेट्रोल-डिझेल आणि दारू हेच ठळक. ‘जीएसटीत आणा’ म्हणणाऱ्यांनी वरच्या उदाहरणातले दोन्ही कर एकत्र करून बघावेत: 55 च्या मालावर 47.47, म्हणजे 86 टक्के. जीएसटीचा सर्वांत वरचा दर 40 टक्के. मधली तूट कोण सोसणार, हे ठरल्याशिवाय ती तारीख येणार नाही.

डिझेलचं गणित निराळं आहे. इंदूरला डिझेलवर 19 टक्के, दीड रुपया आणि 1 टक्का सेस. त्यामुळे गुजरातेशी फरक साडेअकराचा नाही, दोनेक रुपयांचा पडतो. कारण उघड आहे. पीथमपूरहून निघालेल्या ट्रकची टाकी तीनशे-चारशे लिटरची. इथे महाग वाटलं तर तो सेंधव्यापुढे महाराष्ट्रात किंवा दाहोदला भरेल आणि राज्याचा कर बुडेल. स्कूटरवाला पळून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर जास्त. शिवाय डिझेलवर जीएसटी नसल्याने वाहतूकदाराला त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. तो भाड्यात जातो आणि भाजीच्या भावातून आपल्याकडे येतो.

आमचं मत विचाराल तर पेट्रोलवर कर असावा, आणि बऱ्यापैकी असावा. एक लिटर जाळला की धूर आणि रस्त्याची झीज तेवढीच होते, भाव 60 असो की 110. म्हणून लिटरवरचा ठोक कर पटतो, टक्केवारीचा पटत नाही. तेल भडकलं की तो आगीत तेल ओततो. मध्य प्रदेशाने 29 टक्क्यांचे आजचे जे रुपये होतात तेवढे लिटरमागे कायम केले तरी तिजोरीला आज काही तोटा नाही, आणि पुढची भाववाढ ग्राहकाला साधारण बावीस टक्के हलकी जाईल. डिझेलवर हा बदल आधी व्हावा.

पावती पाहून यातलं काही कळणार नाही. तिच्यावर लिटर, दर आणि रक्कम असते, करांची फोड नसते. तेल कंपन्या फोड प्रसिद्ध करतात ती दिल्लीच्या भावाची, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते बहुतेक तिथूनच उचललेले असतात. त्यातला शुल्काचा आकडा इंदूरला चालेल. व्हॅटचा चालणार नाही.