कॅनॉलचा रस्ता की चारीचा रस्ता?

पोरांना घेऊन सायकलवर कुठं जावं, असं कराड, फलटण किंवा पलूस भागात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "कॅनॉलकडेनं जा की, सगळा सपाट रस्ता!" सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. पाणी वाहतंय, कडेनं मातीची वाट आहे, ट्रकची वर्दळ नाही, या खुणा मुख्य कॅनॉललाही लागू होतात आणि त्यातून फुटलेल्या चारीलाही. गावात तर दोन्हीला सरसकट 'पाट' म्हणणारेही आहेत. सोबत आठ-नऊ वर्षांचं पोर असेल, तर आपण नेमके कशाच्या कडेनं चाललोय हे आधी बघून घ्यावं.

मुख्य कॅनॉलला उंची सोडायची नसते. पाणी जितकं वर टिकेल तितकं जास्त रान खाली भिजतं. म्हणून तो टेकडीच्या पोटाला धरून, एकाच पातळीवर राहत लांबलांब जातो. उतार असतो, पण किलोमीटरमागे साधारण वीतभर. पायडलला त्याचा पत्ताही लागत नाही. कराडच्या वर कृष्णेवर खोडशीचा बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कॅनॉल ब्रिटिश काळातला. तेव्हा पाणी उचलायला विजेचे पंप कुठले? जे काही करायचं ते उताराच्या हिशेबावरच. आज त्या हिशेबाचा फायदा सायकलवाल्यालाही मिळतो. तोटा एकच, कॅनॉल वळणं फार घेतो. आडवा ओढा आला की बऱ्याचदा आत शिरून वळसा घालून पुन्हा बाहेर येतो. समोर दिसणारं देऊळ दोन किलोमीटरवर वाटतं आणि कॅनॉलच्या कडेनं पाच निघतं. "ते काय, दिसतंय की" यावर पोरांची समजूत काढू नये, ती पुढं आपल्यालाच ऐकवतात.

चारीचं काम उलटं. तिला पाणी खाली, शेतापर्यंत पोचवायचं असतं. कॅनॉलच्या गेटातून निघाली की ती रानाच्या उंचवट्यावरून बरीचशी सरळ खाली उतरते. उतार जास्त झाला की पाण्यानं माती कापून नेऊ नये म्हणून मध्ये बांधीव पायऱ्या करतात. पाणी तिथं धप्पकन खाली पडतं आणि बाजूची वाटही तशीच एकदम खाली जाते. जाताना सगळ्यांना वाटतं काय मस्त चाललंय, कुणी पायडल मारत नाही. परत फिरल्यावर तोच उतार चढ होतो, तेही ऊन वर आल्यावर. शिवाय चारीचा शेवट, ज्याला सगळे टेल म्हणतात, कुणाच्या तरी उसातच होतो. पुढं रस्ता नाही, पाऊलवाटही नाही.

ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे दोन्ही बाजूंची रानं. मुख्य कॅनॉलच्या खालच्या अंगाला ऊस, हळद, भाजी. वरच्या अंगाला माळ, कुसळं, शेरडं. कारण पाणी आपसूक खालीच जातं. चारी मात्र उंचवट्यावरून जाते, त्यामुळं तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू हिरव्या. हल्ली वरच्या अंगालाही मोटार टाकून पाणी नेलेलं असतं, तेव्हा ही खूण कधी कधी फसवते. मग रस्त्याकडं बघावं. कॅनॉलच्या एका काठावर, बहुधा खालच्या, जीप जाईल एवढा मुरमाचा रस्ता असतो. तो पाटबंधारे खात्यानं तपासणीसाठी केलेला असतो. चारीच्या कडेला दोन सायकली शेजारी मावल्या तर नशीब.

वाट विचारताना डाव्या-उजव्याचा घोळ होतो, तोही मिटवून टाकू. नदीचं पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडं तोंड करून डावा-उजवा ठरतो. वीर धरणातून फलटणकडं येतो तो नीरा उजवा, बारामतीकडं जातो तो डावा. तुम्ही कुठल्याही दिशेनं सायकल मारा, फलटणचा उजवाच. सांगलीच्या पूर्वेला टेंभू, म्हैसाळ योजनांच्या भागात आणखी वेगळं : तिथं पाणी पंपानं वर उचलून मग कॅनॉलला सोडलेलं असतं, आणि चारीच्या जागी बऱ्याच ठिकाणी जमिनीखालची पाइपलाइन आहे. तिथं हा गोंधळ तसा कमीच.

एका बाबतीत मात्र चारी बरी. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, चालू असताना कॅनॉल काठोकाठ भरून वाहतो. वरून संथ दिसतो, पण आत ओढ असते, आणि काँक्रीटचं अस्तर केलेल्या तिरक्या काठावर शेवाळ धरतं. त्यात पडलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. म्हणून पाण्याच्या बाजूनं मोठ्यांनी चालवायचं, पोरं रानाच्या बाजूला. हात धुवायलासुद्धा काठावर उतरू द्यायचं नाही. पाणी सुटलंय का, हे पाटकऱ्याला (कॅनॉलचं पाणी वाटून देणाऱ्या माणसाला) किंवा गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं तरी कळतं. लहान चारीत पाणी कमी, धोकाही कमी. पण गेटापाशी आणि त्या पायऱ्यांपाशी तिथंही पोरांना उतरवून सायकल हातानं न्यावी.

काटे दोन्हीकडं आहेत. बांधावरची बाभूळ तोडली की फांद्या वाटेतच पडतात. पंक्चरचं सामान आणि हातपंप नसेल तर निघूच नये. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही; पाऊस संपून वाट वाळेपर्यंत थांबावं. पुढं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्यानं येतात. त्या मागं घेता येत नाहीत, तेव्हा आपणच थांबून बाजूला व्हायचं.

आणि चारीच बघायची असेल तर सुरुवात टेलकडून करा. पोरं ताजी असताना चढ चढून गेटापर्यंत या, तिथं डबे उघडा, मग उतारानं परत. फक्त निघण्याआधी पोरांच्या सायकलींचे ब्रेक तपासा, मागचा तर नक्कीच.