जायरॉइड प्रिंटरमध्ये आला कुठून

थ्रीडी प्रिंट अर्ध्यात थांबवून आत डोकावलं की बऱ्याचदा लाटालाटांची एक जाळी दिसते, तिचं नाव जायरॉइड. स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे प्रिंटसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका क्लिकवर मिळते म्हणून ती सॉफ्टवेअरवाल्यांनीच काढली असेल असं अनेकांना वाटतं, पण तिचं मूळ १७६० च्या सुमाराला गणितज्ञ लाग्रांजने मांडलेल्या एका प्रश्नात आहे: ठरलेल्या कडेला धरून सगळ्यात कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग कुठला?

१७७६ मध्ये म्यूनिए या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की अशा पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी एका दिशेला जेवढा बाक असतो तेवढाच काटकोनातल्या दिशेला उलटा बाक असतो. कॅटेनॉइड (दोन गोल कड्यांमध्ये ताणलेला, मध्ये बारीक होणारा) आणि हेलिकॉइड (गोल जिन्यासारखा) हे दोन आकार त्यात बसले, पण पुढचे सापडणं फार अवघड. साबणाचा पडदा मात्र आपलं क्षेत्रफळ आपोआप कमीत कमी करतो. मग बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो याने तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून हे आकार डोळ्यांपुढे आणले, आणि यातले कितीतरी प्रयोग त्याने दृष्टी गेल्यावर, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी केले, हे मला अजूनही थक्क करतं.

१९७० मध्ये नासात काम करणाऱ्या ॲलन शोनने असाच एक पृष्ठभाग, म्हणजे जायरॉइड, मांडला, प्लास्टिकची मॉडेलंसुद्धा बनवली. तो स्वतःला कुठेच छेदत नाही याची पक्की सिद्धता मात्र १९९६ मध्ये आली!

खरी कलाटणी माझ्या मते कोस्टाच्या पृष्ठभागाने दिली. १९८२ मध्ये ब्राझीलच्या सेल्सो कोस्टाने अशाच एका नव्या पृष्ठभागाची समीकरणं लिहिली, पण आकार कसा दिसतो, स्वतःला छेदतो की नाही, काहीच कळेना. हॉफमन आणि मीक्स या गणितज्ञांनी कॉम्प्युटरवर चित्रं काढून बघितली तेव्हा त्यात सरळ रेषा दिसल्या, सममिती दिसली, एकाच आकाराचे आठ तुकडे जोडले की पूर्ण पृष्ठभाग होतो हे लक्षात आलं, आणि सिद्धता त्या बघण्यातूनच निघाली. साबणाने हे कधीच दाखवलं नसतं, कारण जो आकार स्थिर नाही त्याचा पडदा फुटूनच जातो.

पुढे ब्रॅकीच्या सरफेस इव्हॉल्व्हर या प्रोग्रामने आणि नंतर ग्रासहॉपर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कांगारू नावाच्या प्लगइनने साबणाच्या पडद्याचंच काम त्रिकोणांच्या मेशवर आणलं, म्हणजे बिंदू थोडे थोडे सरकवत ताण समतोलात आणायचा.

आता राहिला प्रिंटचा प्रश्न. गणितातल्या पृष्ठभागाला जाडीच नसते आणि प्रिंटरला तर जाडी हवीच. जायरॉइडसाठी sin, cos चं एक छोटं सूत्र आहे, तंतोतंत नाही पण अगदी जवळचं, त्याची किंमत शून्य असते तिथे पृष्ठभाग, आणि शून्याऐवजी उणे ०.३ ते अधिक ०.३ एवढा पट्टा घेतला की भिंत तयार. एका थरात लाटा आडव्या जातात, थोडं वर गेलं की त्याच वळून उभ्या होतात, आणि अख्ख्या जाळीत सरळ रेषा एकही नसते.