बेपत्ता जवान: त्याच्या नावापुढे काय लिहिलंय, ते आधी काढा

घरच्यांसाठी जवान बेपत्ता असतो, पण लष्कराच्या कागदावर त्याचे दोन प्रकार होतात. कारवाईत सापडेनासा झालेला ‘मिसिंग’. सुट्टी संपवून नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने निघालेला पण युनिटला न पोचलेला ‘विनापरवानगी गैरहजर’. गैरहजेरीचे ३० दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी बसते आणि ‘डेझर्टर’, म्हणजे नोकरी सोडून पळालेला, असा शेरा पडतो. मग एकाच ठाण्यात आईने दिलेली मिसिंगची तक्रार आणि त्याला पकडून द्या म्हणणारं लष्कराचं पत्र, दोन्ही पडून असतात. पेन्शन अडते ती इथेच.

म्हणून तो हरवल्याचं कळताच पोलिसांत लेखी तक्रार द्या. प्रवासात हरवला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच नाहीच मिळाली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदीची प्रत लगेच युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेची कागदपत्रं ठेवणारं कार्यालय) द्या, म्हणजे चौकशीच्या फाईलला ती लागते.

पुढचा सगळा पत्रव्यवहार रेकॉर्ड ऑफिसशी. युनिट जागा बदलतं, साहेब बदलतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्जावर आर्मी नंबर अचूक हवा. पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या बदलांची अधिकृत नोंद) आणि चौकशीचा निष्कर्ष यांच्या प्रती मागा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर त्यांचा जावक क्रमांक पाठपुराव्याला कामी येतो.

अर्जदार पत्नी, लग्न झालं नसेल तर आई-वडील. नावांचा घोळ आपल्याकडे हमखास: पलटणीच्या कागदात कौसाबाई, आधारवर कौशल्या. दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

पोलीस नोंदीला ६ महिने होऊनही शोध लागला नाही, तर पोलिसांचा तसा अहवाल आणि तो परत आल्यास रक्कम फेडण्याचं हमीपत्र जोडून कौटुंबिक पेन्शन मागता येते. नकार लेखी घ्या. त्यावर ६ महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं.

माहिती अधिकारात ‘माझा मुलगा कुठे आहे?’ असं विचारू नका. तो कायदा कागद देतो, उत्तर नाही. कागदाचं नाव लिहून प्रत मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तर कलम १० खाली उरलेला भाग मागा आणि ३० दिवसांत पहिलं अपील करा. सीमेपलीकडे कैदेत असल्याची शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाला लिहा. भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात.

सातबारावर वारस लावायला तलाठी मृत्यूचा दाखला मागतो. ज्यांना तो जिवंत असल्याचं कळलं असतं, त्यांना ७ वर्षं काहीच कळलं नसेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ खाली मृत्यू गृहीत धरता येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. केंद्र सरकारला प्रतिवादी करायचं असल्यास आधी २ महिन्यांची नोटीस. हे कलम मृत्यूची तारीख ठरवून देत नाही, ती वेगळी सिद्ध करावी लागते. म्हणून हुकूमनामा हातात येईपर्यंत विम्याचे हप्ते थकू देऊ नका.

गाव बदललं, घर बदललं, तर रेकॉर्ड ऑफिसला कळवा. १९६८ मध्ये रोहतांगजवळ कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातले चार मृतदेह २०२४ मध्ये बर्फात सापडले. ५६ वर्षांनी घरच्यांना शोधायला हाताशी होता तो जुन्या नोंदीतला पत्ता.