फ्रॅक्चर सरफेस : तुटलेलं स्टील कशानं तुटलं ते कसं कळतं

फ्रॅक्चर सरफेस म्हणजे स्टीलचा पार्ट तुटल्यावर आतली जी बाजू उघडी पडते ती. शाफ्ट असो, बोल्ट असो नाहीतर गाडीच्या स्प्रिंगचा पाटा असो, तुटला की दोन्ही तुकड्यांना एकेक असं तोंड मिळतं, आणि तडा कुठून सुरू झाला, हळूहळू गेला का एका झटक्यात, पार्ट ओढला जाऊन तुटला का वाकून का पिळून, मधल्या काळात आत पाणी शिरलं होतं का, हे सगळं त्या तोंडावर उमटलेलं असतं. हे वाचायच्या शास्त्राला फ्रॅक्टोग्राफी म्हणतात. हे नाव १९४४ मध्ये कार्ल झॅफ्फे या अमेरिकन धातुशास्त्रज्ञानं दिलं, पण काम खूप जुनं आहे, फ्रान्सच्या रेओम्युरनं १७२२ मध्येच लोखंड-पोलाद तोडून आतल्या दाण्यावरून त्याची प्रत कशी ओळखायची हे लिहून ठेवलंय.

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात तोडून बघणं ही काही नवलाई नाही. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिला, पुढं कुपवाड, मिरज, सातारा, कराड सगळीकडं वर्कशॉप आणि फाउंड्र्या झाल्या, आणि फाउंड्रीत तर हे रोजचंच काम आहे, वितळलेल्या बिडाची छोटी पाचर ओततात, गार करून हातोड्यानं फोडतात आणि टोकाकडचा पांढरा भाग किती आत गेलाय ते बघून भट्टीत काय घालायचं ते ठरवतात. पण चालू मशीनचा पार्ट तुटला की मात्र त्याचं तोंड कोणी बघत नाही. गळीत हंगाम चालू असतो, गाड्या नंबरला उभ्या असतात, मग तुटलेलं घासायचं, वेल्डिंग मारायचं आणि गाडी चालू करायची, आणि कारण विचारलं तर "मटेरियलच खराब निघालं" हे उत्तर तयार. मटेरियल खराब असतंही कधीकधी, पण सारख्या वळणाऱ्या, फिरणाऱ्या, हादरणाऱ्या पार्टात बहुतेक वेळा दोष कोपऱ्याचा, चावीच्या खाचेचा, वेल्डिंगचा किंवा गंजाचा निघतो, आणि तो तिथंच तोंडावर दिसत असतो.

थकवा, म्हणजे फटीग

यंत्रांचे जे पार्ट चालता चालता तुटतात त्यातले सगळ्यात जास्त फटीगनं तुटतात. पार्टावर एकदाच मोठा लोड येत नाही, झेपणारा लोडच लाखो वेळा येतो-जातो, कुठल्यातरी एका जागी बारीक चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकत जाते, आणि उरलेलं मटेरियल लोड घ्यायला पुरेनासं झालं की एका दिवशी पार्ट काडकन जातो. म्हणून अशा तोंडावर दोन भाग वेगळे दिसतात. एक गुळगुळीत, बऱ्याचदा मळका, दोन्ही बाजू एकमेकीवर घासून घासून चकाकी आलेला, आणि दुसरा खडबडीत, दाणेदार, ताजा. गुळगुळीत भागात कमानीसारख्या रेघा असतात, त्यांना बीच मार्क म्हणतात. पूर उतरताना सांगलीच्या घाटावर पाणी जिथं जिथं थांबलं तिथं गाळाची रेघ राहते, तशाच या रेघा चिरेच्या टोकाच्या थांब्यांच्या असतात, लोड बदलला, मशीन बंद राहिलं, हंगाम संपून परत चालू झाला की एक रेघ. त्या सगळ्या ज्या बिंदूभोवती वळतात तिथं चिरेचा जन्म. लोड एकसारखा राहिला तर रेघा उमटतही नाहीत, म्हणून रेघ नाही म्हणजे फटीग नाही असं धरून चालायचं नाही.

ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीचा एक्सल घ्या. हा एक्सल स्वतः फिरत नाही, चाकं फिरतात, एक्सल फक्त वजन झेलतो. चाकं त्याची टोकं वर रेटतात, पाटे त्याला खाली दाबतात, त्यामुळं वाकताना ताण येतो तो खालच्या अंगाला. आता पाटा जिथं बसतो तिथं खालून एखादी पट्टी कोणीतरी वेल्डिंगनं चिकटवलेली असते. असा एक्सल तुटला की तोंड उजेडात तिरकं धरून बघायचं. खालच्या कडेला, नेमकं वेल्डिंगच्या काठाशी, नखाएवढा काळपट तांबूस डाग दिसतो, तो सगळ्यात जुना, किती पावसाचं पाणी त्यात जाऊन आलेलं असतं. त्याच्या वर फिकट होत गेलेल्या कमानी, एकीपेक्षा एक मोठी. आणि सगळ्यात वर चमचमता करडा दाणेदार भाग, तो तुटला त्या दिवशीचा. हे दिसलं म्हणजे एक गोष्ट पक्की, एक्सल त्या दिवशीच्या खड्ड्यानं तुटला नाही, चीर कधीपासून आतच होती.

गुळगुळीत भाग आणि शेवटचा खडबडीत भाग यांचं प्रमाणही बोलतं. गुळगुळीत भाग मोठा आणि शेवटचा तुकडा अगदी छोटा राहिला असेल तर पार्टावरचा लोड फार नव्हता, म्हणूनच तो एवढा चिरत गेला तरी टिकून होता, आणि अशा वेळी कारण शोधायचं ते चीर सुरू झालेल्या जागी. उलट गुळगुळीत भाग थोडका आणि बाकी सगळं एकदम तुटलेलं, तर लोड खरोखरच जास्त पडत होता. ट्रॉली जास्त भरली का वेल्डिंग चुकलं, या वादाचा निकाल अर्धाअधिक इथंच लागतो. ड्रायव्हरला बोल लावायच्या आधी, त्याच्या पगारातनं पैसे कापायच्या आधी एवढं तरी बघितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

फिरणाऱ्या शाफ्टची तऱ्हा वेगळी. साखर कारखान्यातल्या मिल रोलरचा शाफ्ट मिनिटाला पाचेक फेरेच फिरतो, बघणाऱ्याला वाटतं याला कसला थकवा येणार. पण मिनिटाला ५ म्हणजे दिवसाला ७,२०० फेरे, आणि १५० दिवसांचा हंगाम धरला तर १०,८०,००० फेरे, आणि दर फेऱ्यात कडेचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. म्हणून इथं चिरा एकाच जागी न होता परिघावर चार-पाच ठिकाणी एकदम सुरू होतात आणि आत येताना दोन चिरांच्या मध्ये छोटी पायरी उरते, तिला रॅचेट मार्क म्हणतात. कडेला अशा पायऱ्या आणि शेवटचा तुटका भाग मध्याकडं, असं चित्र दिसलं की फिरता फिरता वाकून आलेला फटीग. पायऱ्या पुष्कळ असतील तर त्या जागी ताण फार साठत होता, बहुतेक डायमीटर जिथं बदलतो तिथला रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, नीट दिलेली नाही किंवा टूलचा ओरखडा तसाच राहिलाय. त्यात उसाचा रस आंबट, त्याचा पीएच साधारण ५ ते ५.५, तो शाफ्टवर गेला की बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा नव्या चिरेला जागा देतो. कोरड्या हवेत स्टीलला एक मर्यादा असते, तिच्या खालचा लोड कितीही वेळा आला तरी पार्ट टिकतो, पण गंज चालू असताना ही मर्यादाच राहत नाही.

"लोखंड दाणेदार झालं" हा समज

वर्कशॉपमध्ये अजून ऐकू येतं की हादरे बसून बसून लोखंड आतून दाणेदार होतं, म्हातारं होतं आणि मग तुटतं. हा समज १८० वर्षांपेक्षा जुना आहे. ८ मे १८४२ ला पॅरिसजवळ व्हर्सायहून येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा एक्सल तुटून मोठा अपघात झाला, आग लागली, माणसं डब्यात अडकून मेली, आणि तेव्हाही चर्चा हीच होती की लोखंडाचे स्फटिक झाले. रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरनं १८४३ मध्ये तुटलेले एक्सल तपासून दाखवलं की तडा खांद्यातल्या, म्हणजे डायमीटर बदलतो तिथल्या, कोपऱ्यात सुरू होतो आणि थोडा थोडा आत सरकतो, लोखंड स्वतः बदलत नाही. पुढं जर्मनीत वोलर या इंजिनिअरनं रेल्वेच्या एक्सलवर वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन किती लोडला किती फेरे टिकतात ते मांडलं. दाणे तर स्टीलमध्ये पहिल्या दिवसापासूनच असतात, शेवटचा भाग झटक्यात फाटतो म्हणून ते तिथं उघडे पडतात, बस. आत खोल चीर असली की चांगलं मऊ स्टीलसुद्धा शेवटी काचेसारखं तुटू शकतं, त्यामुळं त्या चमकदार भागावरून मटेरियलला ठिसूळ ठरवणं हा अन्याय आहे.

एका दमात तुटलेलं

ओव्हरलोडनं मऊ स्टील तुटतं तेव्हा ते आधी ताणलं जातं, बारीक होतं, तोंड मळकट करडं आणि तंतुमय दिसतं, कडेला ४५ अंशाचे तिरपे ओठ असतात. ठिसूळ तुटलं तर ताणल्याची खूण नाही, तोंड सपाट आणि चकचकीत. पट्टी किंवा प्लेट असेल तर त्यावर बाणासारख्या खुणा दिसतात, शेवरॉन, आणि त्या बाणांची टोकं तडा जिथून निघाला त्या दिशेला असतात, म्हणजे उलट माग काढत जायचं. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं वेल्डेड जहाज धक्क्याला उभं असतानाच मधोमध फाटलं, गार पाण्यातलं ठिसूळ स्टील आणि वेल्डिंगच्या जागा यांचा तो परिणाम. आपल्याकडं तसली थंडी नाही, पण जाड प्लेट, धारदार खाच आणि वरून जोराचा दणका हे तिन्ही एकत्र आले तर उन्हाळ्यातही स्टील ठिसूळ वागू शकतं.

पिळून तुटलेल्याचा हिशोब सोपा. मऊ शाफ्ट पिळला तर आडवा सपाट तुटतो आणि तोंडावर भोवऱ्यासारख्या घासल्याच्या खुणा राहतात, कडक शाफ्ट ४५ अंशाच्या चक्राकार रेषेत तुटतो. शाळेतला खडू दोन्ही हातांनी पिळून बघा, दुसरा प्रकार लगेच कळेल.

आपोआप तुटणारे बोल्ट आणि काळे तडे

हा प्रकार माणसाला खरंच चक्रावून टाकतो. हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट, समजा १२.९ ग्रेडचा (ग्रेडचा आकडा मोठा तितका बोल्ट कडक), झिंक प्लेटिंग करून आणला, टॉर्कनं आवळला, संध्याकाळी सगळं ठीक, आणि सकाळी बघितलं तर डोकं खाली पडलेलं, कोणी हातही लावलेला नसताना. हे हायड्रोजनचं काम. अॅसिडनं धुताना आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, ताण असलेल्या जागी जमतो आणि दाण्यांमधले जोड सैल करतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तडा दाण्यांमधून न जाता दाण्यांच्या कडेकडेनं गेलेला दिसतो, एकेक दाणा कोरून काढल्यासारखा. बोल्ट जितका कडक तितका धोका मोठा. म्हणून प्लेटिंग झाल्याबरोबर साधारण २०० अंशाला काही तास भाजायचे असतात, आणि जॉबवर्कच्या घाईत नेमकं तेवढंच राहतं. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, अशा टॉवरच्या जोडांना सहसा १०.९ ग्रेडचे मोठे बोल्ट लागतात, असल्या कामात कोटिंग कुठलं घ्यायचं हा विचार त्यामुळंच आधी होतो.

हार्डनिंगमधला तडा मात्र रंगावरून पकडता येतो. पाण्यात किंवा तेलात विझवताना पार्ट तडकला आणि मग टेंपरिंगच्या, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत तापवायच्या, भट्टीत गेला तर गरम हवा त्या चिरेत शिरते आणि आतल्या भिंतींना रंग चढतो, सव्वादोनशे अंशाच्या आसपास पिवळसर, तीनशेला निळा, त्याहून वर करडा-काळा. नंतर पार्ट तुटल्यावर तोंडाच्या एका भागाला असा रंग दिसला तर चूक वापरणाऱ्याची नाही, पार्ट भट्टीतून बाहेर पडला तेव्हाच तडकलेला होता. फोर्जिंगच्या वेळची घडी असेल तर तिथं खपलीचा काळा थर मिळतो. असाच पुरावा उत्तर समुद्रातल्या अलेक्झांडर किलँड या तेलक्षेत्रातल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मच्या वेळी सापडला होता. २७ मार्च १९८० ला ते उलटलं, १२३ माणसं गेली, आणि तुटलेल्या नळीच्या तड्यात चक्क रंग लागलेला होता, म्हणजे रंगकाम व्हायच्या आधीच चीर तिथं होती, आणि ती निघाली होती एका किरकोळ जोडाच्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगपासून.

तुकडा हातात आल्यावर

डोळे, चांगला टॉर्च आणि १० पट भिंग एवढ्यावर बरंच काम होतं. पुढचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांगतो, मऊ तुटलेल्यात बारीक खळगे दिसतात आणि खळग्याच्या तळाशी कधी मँगनीज सल्फाइड या स्टीलमधल्या अशुद्धीचा कण, फटीगमध्ये अगदी जवळजवळ स्ट्रायेशन नावाच्या रेषा, एका बीच मार्कमध्ये त्या हजारो असू शकतात. पण तोंड बघून सगळं कळतं असं नाही, कसं तुटलं ते कळतं, का तुटलं यासाठी हार्डनेस, केमिकल आणि कापून पॉलिश केलेला तुकडा बघावा लागतोच.

त्या आधी तोंड जपायला पाहिजे आणि नुकसान होतं ते इथंच. पहिली ऊर्मी असते दोन तुकडे जुळवून बघायची, ते अजिबात करायचं नाही, खुणा एकमेकीवर घासून जातात. वायर ब्रश नको, एमरी नको, तोंडावर बोट फिरवणं नको, घामानं एका रात्रीत गंज चढतो. पाणी असेल तर कोरडं करायचं, स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, गॅस कटरनं कापायची वेळ आली तर तोंडापासून भरपूर लांब कापायचं म्हणजे उष्णता आणि ठिणग्या तिथं येणार नाहीत. काही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचे, पार्ट मशीनवर असतानाचे, वरची बाजू कुठली आणि चाक कुठल्या अंगाला होतं ते खडूनं लिहून. आणि तपासायला देताना दोन्ही तुकडे द्यायचे, कारण तुटल्यावरही मशीन थोडा वेळ फिरत राहिलं तर बऱ्याचदा एका तुकड्याचं तोंड चेचून जातं आणि चीर सुरू झालेली जागा दुसऱ्यावरच शाबूत मिळते.