इन्व्हर्टरची बॅटरी आणि लॅपटॉपची बॅटरी: एकीचं पथ्य दुसरीला चालत नाही

पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जाण्याचा वार. दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात, म्हणून आमच्या कोथरूडच्या घरात बुधवारी रात्री बाबा इन्व्हर्टरकडे जाऊन येतात. झाकणांतले तरंगते दांडे खाली गेले असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर धरला असेल तर तो पुसायचा. त्यांच्या हातची बॅटरी टिकते.

तीच शिस्त त्यांनी माझ्या लॅपटॉपला लावली. "चार्जर काढू नकोस, बॅटरी कायम फुल पाहिजे." घरूनच काम असल्याने मीही काढला नाही. दोन वर्षांनी टचपॅडचा उजवा कोपरा दाबला जाईना आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला. तापकीर गल्लीत दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं, तर आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. (असं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद करा. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका, पेट घेऊ शकते.)

बाबा सांगत होते ते खरंच होतं, पण दुसऱ्या बॅटरीबद्दल. इन्व्हर्टरमध्ये असते ती शिशाची बॅटरी 1859 मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली 1991 मध्ये, सोनीकडून. घरोघरच्या सवयी पडल्या त्या गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. पुढे दोन्हींना आपण एकच शब्द वापरत राहिलो आणि सवयीही त्याच ठेवल्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. ती वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि चार्ज केली की ते पुन्हा विरघळतं. पण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस राहिली, तर त्या सल्फेटचे कडक खडे होतात. मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाहीत. म्हणून तिला उपाशी ठेवायचं नाही. 12 व्होल्टची बॅटरी भरल्यावर साधारण 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, आणि तिथे राहण्यातच तिचं आरोग्य आहे.

लॅपटॉपच्या बॅटरीचं नेमकं उलट. तिच्यात लिथियमचे आयन ग्राफाइट आणि धातूच्या ऑक्साइडमध्ये ये-जा करतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल साधारण 4.2 व्होल्टवर असतो. एवढ्या विद्युत दाबाखाली आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटत जातं, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो, थोडंथोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं, गॅसही धरतो. उष्णता हे सगळं वेगाने घडवते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लॅपटॉपच्या आत त्याहून जास्त गरम असतं, आणि तो गादीवर ठेवला तर हवेची वाटही बंद होते. गरम आणि गच्च भरलेली, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

"रात्रभर लावून ठेवला तर ओव्हरचार्ज होतो" ही भीती मात्र सोडून द्या. भरल्यावर लॅपटॉप चार्जिंग थांबवतो आणि थेट ॲडॅप्टरवर चालतो. त्रास असतो तो शंभरावर ताटकळत राहण्याचा. उलट टोकाचा सल्ला, म्हणजे दर वेळी शून्यापर्यंत उतरवण्याचा, हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा वारसा आहे. लिथियमला तो जाचतो. अधूनमधून थोडं चार्ज केलं म्हणून चार्जिंगची सायकल (म्हणजे एकूण शंभर टक्के वापर) वाया जात नाही: आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, तेव्हा कुठे एक सायकल भरते.

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, कधी कंपनीच्या ॲपमध्ये, कधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये. ती चालू करा. माझा आग्रह त्यांच्यासाठी जास्त आहे ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की भार इन्व्हर्टरच घेतो. मग लॅपटॉपची बॅटरी शंभरावर ताणून ठेवायचं कारण काय? प्रवासाला निघायच्या आधी तेवढी पूर्ण भरावी.

यंदा मे महिन्यात आम्ही तीन आठवडे कोकणात गेलो. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी इन्व्हर्टर पूर्ण चार्ज होऊ दिला, मग पाण्याची पातळी बघितली. माझा जुना लॅपटॉप घरीच राहणार होता. नवी बॅटरी घातलेला. तो त्यांनी उचलला, 52 टक्के वाचलं, बंद केला आणि खिडकीपासून लांब, कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठेवला.