कॅरी आणि ओव्हरफ्लो : हातचा वेगळा, चिन्ह वेगळं

नागपुरात इंजिनिअरिंगच्या पोरांची मायक्रोप्रोसेसरची लॅब सुरू झाली, की माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो : "सर, असेंब्लीतलं गणित शिकायला काय वाचू?" असेंब्ली म्हणजे प्रोसेसरला एकेक सूचना थेट देण्याची भाषा. माझं उत्तरही ठरलेलं आहे. पुस्तक असो, नोट्स असोत की व्हिडिओ, आधी बेरजेचा भाग उघडा आणि कॅरी आणि ओव्हरफ्लो वेगळे करून दाखवलेत का ते बघा. दोघांनाही "उत्तर मावलं नाही" एवढ्यावर उरकलं असेल, तर ते बाजूला ठेवा.

कॅरी आपल्याला दुसरीतच भेटलेला आहे. तो हातचा. कळमन्याच्या बाजारात संत्री मोजताय असं समजा. आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ० ते २५५ मावतात. २०० मध्ये १०० मिळवले, तर रजिस्टरमध्ये ४४ उरतात आणि कॅरी फ्लॅग, म्हणजे प्रोसेसरने ठेवलेली एका बिटाची खूण, १ होतो. तो हातचा २५६ चा आहे. २५६ आणि ४४ मिळून ३००. एकही संत्रं हरवलेलं नाही. पुढच्या बाइटची (आठ बिटांच्या गटाची) बेरीज साध्या 'ॲड'ऐवजी 'ॲड विथ कॅरी'ने केली, की हातचा आपोआप तिथे मिळवला जातो. म्हणून कॅरी आला म्हणजे चूक झाली, असं मुळीच नाही. मोठ्या संख्यांची बेरीज त्याच्याच जोरावर चालते.

ओव्हरफ्लोचा हातच्याशी संबंध नाही, तो चिन्हाचा मामला आहे. त्याच आठ बिटांत ऋण संख्याही ठेवायच्या म्हटल्या, की पल्ला −१२८ ते १२७ होतो. आता १०० आणि ५० मिळवा. १५० हे २५५ च्या आत आहे, म्हणून कॅरी ०. पण सगळ्यात वरचा बिट १ झाला, आणि चिन्हासकट वाचलं तर उत्तर निघतं −१०६. दोन धन संख्या मिळवून ऋण उत्तर! इथे ओव्हरफ्लो फ्लॅग १ होतो. उलट २५५ मध्ये १ मिळवा : उत्तर ०, कॅरी १, पण ओव्हरफ्लो ०. कारण चिन्हाच्या हिशेबात २५५ म्हणजे −१, आणि −१ अधिक १ बरोबर शून्यच.

तुम्ही संत्री मोजताय की तापमानातला फरक, हे प्रोसेसरला ठाऊक नसतं. तो प्रत्येक बेरजेनंतर दोन्ही फ्लॅग ठरवून मोकळा होतो. कोणता बघायचा, हे आपण ठरवायचं.

एका मुलीचा इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवरचा प्रोग्राम आठवतो. यादीतली सर्वांत मोठी संख्या काढायची होती. यादीत २०० होता, तरी उत्तर १०० येत होतं. तासभर लूप तपासून झाला, लूप बरोबर होता. तुलनेनंतर तिने 'जेजी' (मोठं असेल तर उडी मारायची सूचना) वापरलं होतं, आणि ते चिन्हासकट बघतं. त्याच्या लेखी २०० म्हणजे −५६. 'जेए' (तीच उडी, पण चिन्ह न धरता) लिहिलं आणि प्रोग्राम चालला. हे जोडपं ज्या पुस्तकात शेजारी-शेजारी मांडलंय, ते घ्याच.

आपल्याकडे घोळ वाढायला आणखी एक कारण आहे. ८०८६ च्या आधीच्या ८०८५ प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत पाचच फ्लॅग आहेत : साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी. ओव्हरफ्लो त्यात नाही. तो १९७८ च्या ८०८६ मध्ये भेटतो. ८०८५ च्या किटवर हात बसलेला मुलगा ८०८६ वर आला, की हा नवा फ्लॅग त्याला कॅरीचाच भाऊ वाटतो. म्हणून सीताबर्डीवर जुनं पुस्तक उचलताना ते कोणत्या प्रोसेसरचं आहे, हे आधी बघा. एआरएम या दुसऱ्या घराण्यातल्या प्रोसेसरवर तर वजाबाकीत उसना घ्यावा लागला नाही, तर कॅरी १ असतो, म्हणजे इंटेलच्या बरोबर उलट. रिस्क-फाइव्ह या आणखी एका घराण्यातल्या प्रोसेसरच्या पूर्णांकांच्या गणितात असे फ्लॅगच नाहीत.

इंटेलचं अधिकृत मॅन्युअल फुकट मिळतं. शिकायला ते रुक्ष आहे, पण वाद मिटवायला त्याच्याइतकं पक्कं काही नाही. प्रत्येक सूचनेखाली ती कोणते फ्लॅग बदलते ते लिहिलेलं असतं. 'इंक' (संख्या एकने वाढवणारी सूचना) कॅरीला हात लावत नाही, हे मला तिथेच नीट कळलं. अनेक बाइटच्या बेरजेत लूपचा मोजणीदार वाढवला तरी हातचा का टिकतो, ते त्यावरून उमगतं.

आणि वाचलेलं लगेच एम्युलेटरवर (प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) एकेक पायरीने चालवून बघा. सुरुवातीला १२८ अधिक १२८ घ्या. चालवण्याआधी दोन्ही फ्लॅगचं उत्तर वहीत लिहा, मग बटण दाबा. दोन्ही १ येतील. का, ते त्याच पानावर आपल्या शब्दांत लिहा.