प्लॅस्टिकचे पत्ते टिकतात, पण पंखा उलगडत नाही

परभणी-नांदेडकडं जादू शिकणाऱ्या लेकरांना वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळतो: "प्लॅस्टिकचा कॅट घे, कधी खराब होत नाही." अर्धं खरं आहे. प्लॅस्टिकचा पत्ता पाण्यानं भिजत नाही, पुसता येतो, रमी-तीनपत्तीला वर्षभर पुरतो. पण हातचलाखीला तो बहुधा नडतो.

पंखा, म्हणजे हातातले पत्ते अर्धगोलात पसरणं, एकसारखा उलगडायचा तर पत्ते एकमेकांवरून एकाच गतीनं सरकले पाहिजेत. चांगल्या कागदी पत्त्यावर बारीक खळगे उठवलेले असतात. त्यांत हवा राहते, पत्ते चिकटत नाहीत. १८८५ पासून निघणाऱ्या 'बायसिकल' या अमेरिकी ब्रँडच्या पत्त्यांवर अशीच 'एअर कुशन' फिनिश असते. असा पत्ता म्हणजे दोन कागद, मध्ये गडद डिंक. त्यामुळं उजेडात धरला तरी आरपार दिसत नाही. तो वाकतो आणि परत सरळ होतो. गुळगुळीत प्लॅस्टिकचे पत्ते मात्र कधी गठ्ठ्यानं घसरतात, कधी चिकटून बसतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर स्थिर विजेनं आणखीच.

कॅरमची बोरिक पावडर चोळणंही सोडा. पंख्यासाठी जादूगार वापरतात ती झिंक स्टिअरेटची पावडर, वेगळीच वस्तू.

कागदी कॅट लवकर मरतो तो घामानं आणि तेलकट बोटांनी. भजी खाऊन पत्ते पिसू नका, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात कॅट डबीत घालून वर जड पुस्तक ठेवा. सरावाला एक, कार्यक्रमाला दुसरा, असे दोन घेतलेले बरे.